सिस्टरबाईंची ओसरी : नवी आळी, जुने गाव



गेल्या शबातला नात आली होती. लग्न ठरलंय तिचं. म्हणाली, "सफ्ता, तू नोकरी केलीस त्या मोशावात आम्हाला घर मिळेल का?" मी चटकन हो म्हटलं नाही.

बाळगोपाळांनो, मोशाव म्हणजे सहकारी गाव. शेत ज्याचे त्याचे. बी-खत आणणे, माल विकणे सर्वांनी मिळून. पण शेत एकाच मुलाकडे जाते. त्याला बेन ममशीख म्हणतात. बाकीच्या भावंडांनी जायचं कुठे? त्यात १९८० च्या दशकात कितीतरी मोशाव कर्जात बुडाले. म्हणून १९९० च्या दशकापासून बऱ्याच ठिकाणी शेताशिवाय नुसती घरे बांधायला जागा दिली गेली. तीच हरहावा.

आमच्या मोशावातली हरहावा मी डोळ्यांनी पाहिली. मुलं नाहीत म्हणून बंद पडायला आलेलं गान पुन्हा भरलं, हे खरं. पण नव्या आळीचा रस्ता वेगळा, फाटकही वेगळं! माणसं सकाळी गाडीत बसून शहरात, रात्री परत. मकोलेतवर कोणी फिरकत नसे. जुने म्हणत, "हे उद्या आमच्या वादमध्ये बसणार." (मराठीत वाद म्हणजे भांडण, हिब्रूत वाद म्हणजे गावची समिती. आमच्याकडे दोन्ही एकाच खोलीत चाले.) जुन्या-नव्या बाया समोरासमोर येत त्या फक्त माझ्या टिपत-हलावमध्ये, बाळाचं वजन करायच्या बाकावर. तिथे मात्र भाजीची वाटी इकडून तिकडे जायची.

हा प्रश्न काही आजचा नाही. किनेरेतच्या काठी १९१० साली बारा जणांनी दगानिया वसवलं. सगळे एका कुटुंबासारखे राहत. पुढे माणसं वाढू लागली, तेव्हा १९२० साली शेजारीच दुसरं दगानिया काढलं. एकाच ताटाभोवती फार गर्दी नको, असा हिशोब. तरी काळ कोणाला सोडतो? २००७ साली पहिल्या दगानियानेही सर्वांना सारखं देण्याची रीत सोडली. नहलाल १९२१ चं. रिचर्ड काउफमन यांनी त्याचा नकाशा गोल आखला: मधोमध सार्वजनिक इमारती, भोवती घरे, घरामागे शेत. मधल्या जागेपासून कोणीच दूर नाही.

मी काही इंजिनिअर नव्हे, सुया टोचणारी बाई. पण मला वाटतं, नवी घरे दवाखाना-मकोलेतच्या वाटेवर हवीत. एकदम नकोत, थोडी थोडी हवीत. आणि पाणी, रस्ते, गान यांत नव्यांचं मत किती आणि शेतीच्या पैशात किती, हे वीट लागण्याआधी कागदावर यावं. आमच्याकडे ते नंतर ठरवायला बसले, आणि दोन सख्खे भाऊ वर्षभर बोलले नाहीत.

नातीला सांगितलं, घराची किंमत मागाहून विचार, आधी गावाचा नकाशा घेऊन ये. पुढच्या शुक्रवारी येतेय. मी चिक-चा-हलवा करून ठेवणार आहे.