बाबासाहेबांच्या एक रुपयाचे लाख रुपये कुणाच्या खिशात?

१९९० साल आंबेडकरी समाज विसरू शकत नाही. विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या सरकारच्या काळात बाबासाहेबांना मरणोत्तर भारतरत्न मिळाले, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात त्यांचे तैलचित्र लागले, मंडल आयोगाच्या अंमलबजावणीची घोषणा झाली. त्याच वर्षी जन्मशताब्दीनिमित्त बाबासाहेबांची प्रतिमा असलेले एक रुपयाचे नाणे सरकारने चलनात आणले. हे नाणे हाती आले की ते खर्च करायला आमच्या माणसाचा जीव धजत नसे. कुणी ते बुद्धमूर्तीजवळ ठेवले, तर कुणी पोराच्या पहिल्या गल्ल्यात टाकले.

आज तेच नाणे इंटरनेटच्या बाजारात 'अतिदुर्मिळ' म्हणून मांडले आहे. कुणी पाच हजार मागतो, कुणी पन्नास हजार, तर कुणी थेट लाखाची भाषा करतो! वास्तविक हे तांबे-निकेलचे, रोजच्या देवघेवीसाठी पाडलेले साधे नाणे. ते चांदीचे नाही की मूठभर संग्राहकांसाठी काढलेले नाही. जुन्या नाण्यांच्या व्यापाऱ्याकडे वापरलेले नाणे आजही किरकोळ पैशांत मिळते. कोरे, अजिबात न झिजलेले असेल तर थोडे जास्त. मग लाख रुपये आले कुठून? तर ते कुठूनच आलेले नाहीत. ती मागितलेली किंमत आहे, मिळालेली नव्हे. मोबाईलवर फोटो चढवून त्याखाली वाटेल तो आकडा टाकायला एक पैसाही लागत नाही. पण एकाने टाकलेला आकडा दुसरा बघतो, तो त्यावर शून्य वाढवतो, आणि 'तुमच्याकडे हे नाणे असेल तर तुम्ही लखपती' अशी बातमी व्हॉट्सअॅपवर फिरू लागते. आमचेच कार्यकर्ते ती 'जयभीम' लिहून पुढे पाठवतात, हे आम्ही खेदाने नमूद करतो.

या बाजारात दोन्ही बाजूंनी माणूस नागवला जातो. घेणारा श्रद्धेपोटी फसतो. २०१५ साली १२५ व्या जयंती वर्षानिमित्त दोन नाणी निघाली, एक १२५ रुपयांचे आणि एक १० रुपयांचे. पहिले केवळ स्मारक नाणे, ते बाजारात फिरण्यासाठी नव्हतेच. त्यात चांदी आहे, त्यामुळे त्याला जादा किंमत पडते, हे समजू शकते. पण दहाचे नाणे चलनातले! ज्या काळात वाणी आणि रिक्षावाले 'दहाचे नाणे चालत नाही' म्हणून ते परत करीत होते आणि रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८ मध्ये सर्व १४ नमुने वैध असल्याचा खुलासा करावा लागला, त्या नाण्याला आता 'दुर्मिळ' म्हणायचे? ही कसली दुर्मिळता?

विकणाऱ्याची गत याहून वाईट. म्हातारीने जपलेले नाणे घेऊन पोरगा जाहिरात टाकतो. लगेच फोन येतो, 'पाच लाखांना घेतो.' आधी नोंदणीचे काही शे रुपये भरा, मग जीएसटी भरा, मग रिझर्व्ह बँकेच्या परवानगीचे शुल्क भरा. पुरावा म्हणून बँकेचा शिक्का असलेले पत्रही येते. पैसे जातात, नाणे घरीच राहते आणि फोन बंद होतो. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजीच जाहीर केले आहे की, जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी बँकेचा संबंध नाही, ती कसलेही शुल्क वा कमिशन मागत नाही आणि असे पैसे गोळा करण्याचा अधिकार तिने कुणालाही दिलेला नाही. हे निवेदन वस्तीपर्यंत पोहोचलेच नाही. लखपती होण्याची बातमी मात्र पोहोचली!

आणि हे कुणाच्या नावावर चालले आहे? १९२३ साली 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' लिहून रुपयाची क्रयशक्ती स्थिर राहिली पाहिजे, असे ब्रिटिश सरकारला ठणकावणाऱ्या, हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देणाऱ्या अर्थतज्ज्ञाच्या!

बाजार चालवणाऱ्या कंपन्या 'आम्ही फक्त जागा देतो' म्हणून हात झटकतात. २०२० चे ई-कॉमर्स नियम आहेत. पण एखाद-दुसरी वस्तू खासगीत विकणाऱ्या व्यक्तीला ते लागू नाहीत. नेमक्या याच फटीतून हे भामटे शिरतात. नाण्याच्या जाहिरातीशेजारी ते नाणे प्रत्यक्षात कितीला विकले गेले, हे दाखवण्याची सक्ती कंपन्यांवर का नको?

सरकारकडे आमची मागणी साधी आहे. भारत सरकारच्या टांकसाळीची एक शाखा मुंबईतच, फोर्टमध्ये आहे. तिथून ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर अधिकृत विक्री केंद्र उघडावे आणि बाबासाहेबांची स्मारक नाणी ठरलेल्या किमतीत, पावतीसह द्यावीत. लाखोंच्या गर्दीत पुस्तकांचे स्टॉल लागतात, तसा हाही लागेल. ज्यांचे पैसे गेले आहेत त्यांनी लाजून गप्प न बसता १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी. जितका उशीर, तितके पैसे हातचे जातात. आणि घरातले ते एक रुपयाचे नाणे विकायला काढले असेल, तर ती जाहिरात आजच काढून टाकावी.