फादरना वेळेवर बोलवा

वाशीतील एका ख्रिस्ती कुटुंबातील आजोबा अतिदक्षता विभागात होते. आजींना फादरना बोलवायचे होते. मुलगा अडून बसला, "तेल लावायला फादर आले, की बाबा हायच खातील."

वास्तविक हा तैलाभ्यंग केवळ मरणोन्मुख माणसासाठी नाही, गंभीर आजाऱ्यासाठीही आहे, हे कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच स्पष्ट केले आहे. मुलाला ते पटवले. फादर आले. आजोबा शुद्धीवर होते. त्यांनी स्वतः हात जोडले.

चौथ्या दिवशी ते गेले. आजींना मात्र रुखरुख राहिली नाही.

श्रद्धा औषधाची जागा घेत नाही. उपचार थांबवू नयेत. पण शुद्ध हरपेपर्यंत प्रार्थनेसाठीही थांबू नये. नर्सला विचारून, हात धुऊन प्रार्थना करावी. आम्ही डॉक्टरांनीही त्यासाठी पाच मिनिटे द्यावीत.