आकाशवाणी पेण-रोह्याला ऐकू येईल काय?

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा विजेचे खांब कोसळले, मोबाईलचे मनोरे मुके झाले आणि रोह्यापासून श्रीवर्धनपर्यंतची कित्येक गावे दिवसचे दिवस अंधारात राहिली. कोणता रस्ता बंद, मदत कोठे पोहोचली, हे सांगू शकणारे साधन अशा वेळी एकच उरते : सेलवर चालणारा रेडिओ. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीने नागोठण्यात हाहाकार माजविला, त्याचे स्मरण ज्यांना आहे त्यांना ह्या साधनाची महती सांगावयास नको.

केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये प्रसारभारतीच्या आधुनिकीकरणासाठी २,५३९ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. एफएम प्रसारण ८० टक्के लोकसंख्येपर्यंत नेण्याचा तिचा संकल्प. संकल्प चांगला आहे. परंतु एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात आणि डोंगराआड अडतात, मध्यम लहरी जमिनीच्या कलाने दूरवर पोहोचतात, हे शाळकरी पोरही सांगेल. सह्याद्रीच्या खोऱ्यांत टक्केवारी आणि प्रत्यक्ष आवाज ह्यांत अंतर पडते. कुंडलिकेच्या खोऱ्यात ध्वनी कसा पोहोचतो, हे दिल्लीतील नकाशावरून नव्हे, रोह्याच्या बाजारपेठेत रेडिओ लावूनच मोजले पाहिजे.

तथापि आमचे खरे म्हणणे यंत्रांविषयी नाही. यंत्र नवे आले, पण त्यातून बोलण्याचा अधिकार जुन्याच ठिकाणी राहिला, तर आधुनिकीकरण म्हणजे जुन्या भिंतीला नवा चुना! चंदा समितीने १९६६ मध्ये स्वायत्ततेची शिफारस केली. वर्गीज समितीने १९७८ मध्ये 'आकाश भारती'चा आराखडा दिला. कायदा झाला १९९० मध्ये, आणि तो अमलात येण्यास १९९७ उजाडले. दरम्यान १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. आणि फलित काय? कायद्याच्या २३ व्या कलमाने सरकारला निदेश देण्याची मुभा शिल्लकच ठेवली, आणि पगाराचा मोठा भार आजही सरकारी अनुदानावरच आहे. ज्याच्या हाती शिधा त्याच्यापुढे मान ताठ ठेवणे कठीणच!

जून २०२३ मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचे फर्मान निघाले आणि ओरड झाल्यावर ते स्थगित झाले. पुण्यासारख्या शहराची ही कथा, तर पेणची दाद कोण घेणार? पेणच्या मूर्तिकारांचे पोट ज्या प्लास्टर ऑफ पॅरिसच्या प्रश्नावर अवलंबून आहे, तो केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सूचनांपासून न्यायालयांत फिरत राहिला. त्यात मूर्तिकाराची बाजू, पर्यावरणाची बाजू आणि निकालाचा सोपा अर्थ समजावून सांगणे हे सार्वजनिक प्रसारणाचे काम नव्हे, तर कोणाचे? खाजगी वाहिनीला त्यात जाहिरात मिळत नाही. धाटावच्या रासायनिक वसाहतीत मध्यरात्री वायुगळती झाली, तर वारा कोणत्या दिशेने आहे हे गावाला सांगण्यासाठी मुंबईच्या निवेदकाने परवानगीच्या कागदाची वाट पाहावी काय?

म्हणून अनुदान दरवर्षीच्या मर्जीवर न ठेवता संसदेने अनेक वर्षांसाठी एकदम बांधून द्यावे. नियामक मंडळाच्या नेमणुका उघड निकषांवर व्हाव्यात. आणि केंद्रसंचालकाला, आपत्तीच्या वेळी तरी, चालू कार्यक्रम थांबवून स्थानिक सूचना देण्याचा निर्विवाद अधिकार असावा. सरकारला ह्यातले पहिले दोन पचविण्यास कालावधी लागेल, हे आम्ही जाणतो. तिसऱ्यासाठी मात्र एक परिपत्रक पुरेसे आहे, आणि ते येत्या पावसाळ्याआधी निघाले पाहिजे.