शिकलेलं मूल विसरू लागलं तर...

‘काही मुलं उशिरा बोलतात, काळजी करू नका,’ असा दिलासा घरातली वडीलधारी मंडळी देतात. बहुतेक वेळा तो खराही ठरतो. पण उशिरा शिकणे वेगळे आणि शिकलेले गमावणे वेगळे. काल धावणारे मूल आज सारखे पडू लागले, अम्मी-अब्बू म्हणणारे मूल शब्द विसरू लागले, तर वाट पाहू नका.

यामागे क्वचित मेंदूचा दुर्मिळ आजार असू शकतो. बॅटन रोगाचा ‘सीएलएन-२’ हा प्रकार त्यापैकीच. यात ‘टीपीपी-१’ हे एन्झाइम फार कमी असते किंवा नसतेच. त्यामुळे पेशींत कचरा साचतो आणि मेंदूच्या पेशी मरत जातात. जन्मतः मूल निरोगी दिसते. साधारण २ ते ४ वर्षांच्या वयात झटके सुरू होतात. बोलणे त्याआधीच मागे पडलेले असू शकते. पुढे चालणे, बोलणे आणि दृष्टीही जाते.

निदान लांबते, कारण झटक्यांसाठी एक डॉक्टर, बोलण्यासाठी दुसरा. म्हणून सर्व तक्रारी मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञांना एकत्र सांगा. कोणती गोष्ट कधी येत होती, कधी गेली, ते लिहून ठेवा. मोबाइलवर झटक्याचे चित्रण करा. ईईजी आणि एमआरआयमधून संशय येतो. खात्री होते ती रक्तातील एन्झाइमच्या आणि जनुकांच्या तपासणीने.

२०१७ साली अमेरिकेत या आजारावर सर्लिपोनेज अल्फा या औषधाला मान्यता मिळाली. दर दोन आठवड्यांनी ते थेट मेंदूतील द्रवात सोडावे लागते, आणि ते अतिशय महाग आहे. ते आजाराचा वेग कमी करते. गेलेले परत आणत नाही. म्हणूनच लवकर निदानाला एवढे मोल.

आई-वडील दोघेही सदोष जनुकाचे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. चुलत, मामे, मावस नात्यातल्या निकाहात दोघेही वाहक असण्याची शक्यता वाढते. वाहक स्वतः निरोगी असतात, त्यामुळे आधी कळत नाही. तेव्हा सुनेला बोल लावू नका. जनुक दोघांकडूनही आलेले असते. पुढच्या बाळाचा विचार करण्यापूर्वी जनुकीय समुपदेशन घ्या. दुर्मिळ आजारांसाठी केंद्र सरकारने नेमलेल्या केंद्रांत मुंबईचे केईएम रुग्णालय आहे.

आजीचा दिलासा जरूर ऐका, पण डॉक्टरांची वेळही त्याच दिवशी घ्या.