पुढे कोण, मागे कोण

साताऱ्यात रविवारी पहाटे साडेपाचला समर्थ मंदिराच्या चौकात आलात, तर दहा-बारा माणसे हातपाय झटकत उभी दिसतील. त्यांत बँकेतून निवृत्त झालेले साहेब आहेत, शाळेतले गुरुजी आहेत, औषधांचे दुकान चालवणाऱ्या वहिनी आहेत आणि नुकताच नोकरीला लागलेला एक पोरगाही आहे. हा आमचा पळणाऱ्यांचा कंपू. त्याला नाव नाही, अध्यक्ष नाही, वर्गणी नाही. आहे ती फक्त एक वही. माझे अक्षर बरे म्हणून ती माझ्याकडे आली. यवतेश्वरचा घाट कोणी किती मिनिटांत चढला ते तीत लिहायचे आणि जोडीदाराच्या मागे राहील त्याने खाली आल्यावर पोहे-चहाचे पैसे द्यायचे, एवढीच आमची घटना.

साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन २०१२ साली सुरू झाली. घाट चढून जायचे आणि तोच उतरून यायचे, असे एकवीस किलोमीटर. तिने गावाला पळण्याचे वेड लावले. त्याआधी मोठी माणसे भल्या पहाटे पळताना दिसली, की लोक ‘काय झालं?’ म्हणून विचारत. आता ‘किती मिनिटं?’ म्हणून विचारतात!

आमच्यातली खरी जुगलबंदी साहेब आणि गुरुजींची. साहेब बासष्टचे, गुरुजी चोपन्नचे. वयाचा फरक म्हणून गुरुजींनी सवलत देऊ केली, तर साहेबांनी ती अपमान समजून नाकारली. पाऊस असो, थंडी असो, दोघेही हजर. एकाला विचारले, ‘एवढ्या पावसात कशाला आलात?’ तर उत्तर ठरलेले, ‘ते आले असतील ना!’

ही चढाओढ मला कधीच वाईट वाटली नाही, आजही वाटत नाही. एकट्याने पळणारा माणूस स्वतःला फार लवकर माफ करतो. पुढे कुणाची तरी पाठ दिसत असली, की पाय आपोआप हलतात. केनियाच्या एलिउड किपचोगेने १२ ऑक्टोबर २०१९ रोजी व्हिएन्नामध्ये मॅरेथॉनचे ४२ किलोमीटर १ तास ५९ मिनिटे ४० सेकंदांत तोडले. दोन तासांच्या आत हे अंतर त्याच्याआधी कोणी पळाले नव्हते. पण त्याला वेग राखून द्यायला आणि वारा अडवायला आळीपाळीने ४१ धावपटू सोबत होते. जगातल्या सर्वोत्तम माणसालाही सोबत लागते, तिथे आमच्यासारख्यांची काय कथा!

पण या चढाओढीची दुसरी बाजूही आम्ही पाहिली, आणि ती सांगण्यासाठीच हा लेख.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. घाटात धुके होते. गुरुजी पुढे होते. एका वळणावर त्यांना मागचा ओळखीचा पायरव ऐकू येईना. एरवी आनंदच झाला असता, पण काय वाटले कोण जाणे, ते उलटे फिरले. साहेब कठड्यावर बसले होते, घामाने डबडबलेले. म्हणाले, ‘काही नाही हो गुरुजी, जरा दम लागला. तुम्ही व्हा पुढे, नाहीतर उगाच म्हणाल माझ्यामुळे हरलो.’ गुरुजींनी समोरून येणारा दुधाचा टेम्पो थांबवला, साहेबांना आत बसवले आणि थेट दवाखाना गाठला. हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. अँजिओप्लास्टी वेळेत झाली.

चार दिवसांनी आम्ही भेटायला गेलो. तेव्हा साहेब हळूच म्हणाले, ‘दोन आठवडे छातीवर ओझं ठेवल्यासारखं वाटत होतं. पण सांगितलं असतं तर पळायचं बंद केलं असतंत.’

मी खाली मान घातली. कारण आदल्या रविवारी चढ संपल्यावर त्यांना छाती चोळताना मी पाहिले होते. विचारपूस करायची सोडून वही उघडत मी म्हणालो होतो, ‘काय साहेब, आज तीन मिनिटं मागे?’ सगळे हसले होते. तेही हसले होते.

एकमेकांच्या मिनिटांचा हिशेब आम्ही चोख ठेवला, पण माणसाच्या चेहऱ्याकडे पाहायचे राहून गेले. आता तर वहीचीही गरज उरलेली नाही. फोनच सांगतो, तुम्ही आज कितवे. गुडघा सुजलेला असताना, रात्रभर ताप असताना माणसे त्या आकड्यासाठी पळतात. ‘आज जमत नाही’ हे तीन शब्द चारचौघांत म्हणणे घाट चढण्यापेक्षा अवघड होऊन बसले आहे. माझे म्हणणे एवढेच, की ज्या गटात हे शब्द निर्धास्त म्हणता येत नाहीत, तिथे स्पर्धा असेल, मैत्री नाही. पळता पळता गप्पा मारता आल्या तर वेग झेपतो आहे, असे जुने पळणारे सांगतात. गप्प झालेल्या जोडीदाराकडे वळून पाहणे हाही मग पळण्याचाच भाग झाला.

ऑस्ट्रेलियाच्या रॉन क्लार्कने अनेक विश्वविक्रम केले, पण ऑलिम्पिक सुवर्णपदक त्याला कधी मिळाले नाही. १९६६ साली तो प्रागला गेला असता एमिल झाटोपेकने निरोप देताना त्याच्या हातात एक छोटी पुडी ठेवली. नंतर उघडून पाहतो तो आत झाटोपेकचे १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमधले सुवर्णपदक! दुसऱ्याने किती कष्ट उपसले, हे त्याच वाटेने पळालेल्यालाच कळते. म्हणून स्पर्धकाइतका जवळचा साक्षीदार नाही, आणि म्हणूनच त्याची जबाबदारीही मोठी.

आमच्या वहीत आता एक नवा रकाना आहे, ‘थांबलो’. त्यात ज्याचे नाव येईल त्याला त्या दिवशी पोहे फुकट. पहिले नाव साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिले. डॉक्टरांच्या परवानगीने ते आता पहिल्या वळणापर्यंत चालत येतात आणि घड्याळ धरून गुरुजींची वेळ मोजतात. गुरुजींची तक्रार अशी, की साहेब अर्धे मिनिट जास्त लावतात. साहेब म्हणतात, ‘माझ्यावेळी हीच वेळ मला लागायची, तुम्हीच मंदावलात.’

पोह्यांचे पैसे कोणी द्यायचे, याचा वाद अजून मिटलेला नाही. तो मिटू नये अशीच आम्हा सगळ्यांची इच्छा आहे.