टायपिंगच्या परीक्षेसाठी मेकॅनिकल कीबोर्ड घ्यायचाय? आधी लेआउट बघा

लिपिक-टंकलेखक भरतीची चर्चा सुरू झाली की आमच्या गंगापूरची पोरं मला हमखास विचारतात, "दादा, मेकॅनिकल कीबोर्ड घेऊ का?" पात्रतेसाठी मराठीचा मिनिटाला 30 किंवा इंग्रजीचा 40 शब्दांचा वेग लागतो. पण आपली सवय मोबाइलची. दोन अंगठे, इंग्रजी अक्षरं दाबायची आणि मराठी शब्द सुचवणीतून निवडायचा. परीक्षेत ही सुचवणी नसते.

म्हणून आधी लेआउट. इनस्क्रिप्टमध्ये मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. आपल्या गावाचंच नाव घ्या: ग, अनुस्वार, ग, काना, प, दीर्घ ऊकार, र. सात कळा, उजवा-डावा-उजवा-डावा, एकदाही शिफ्ट नाही! एक हात दाबतो तेव्हा दुसरा तयार होतो, त्यामुळे बोटं कमी थकतात. हा लेआउट विंडोज आणि लिनक्समध्ये फुकट मिळतो. रेमिंग्टनमध्ये मात्र टाइपरायटरसारखी ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दाबावी लागते. क्लासमध्ये जे शिकवतात तेच घरी ठेवा, दोन्हींची खिचडी नको.

आता स्विच. ब्लू टकटक वाजतात, ब्राऊनला हलका खटका असतो, रेड सरळ खाली जातात. चेरीचा रेड साधारण 45 ग्रॅम दाबावर, 2 मिलिमीटरवर अक्षर नोंदवतो. म्हणजे कळ तळापर्यंत आपटायची गरजच नाही. हे कळलं की निम्मा त्रास कमी. मी पहिला ब्लू घेतला होता. रात्रीच्या मीटिंगा आणि शेजारच्या खोलीत झोपलेली आई, दोन आठवड्यांत ब्राऊनवर आलो. हॉट-स्वॅप बोर्ड घेतलात तर सोल्डरिंग न करता स्विच बदलता येतात.

दोन भागांचा अर्गोनॉमिक कीबोर्ड खांद्यांना छान, मी ऑफिसच्या कामाला तोच वापरतो. पण परीक्षेला बसणाऱ्याने घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. केंद्रावर समोर साधा मेम्ब्रेन कीबोर्डच असणार, त्यामुळे शेवटचा महिना तरी तसल्याच कीबोर्डवर सराव करा.

आणि मनगट दुखत असेल तर पैसे घालण्याआधी कीबोर्डचे मागचे पाय मिटवा. ते उघडे असले की मनगट वर वाकतं. खुर्ची थोडी उंच करा, कोपर कळांच्या पातळीत आणा. तरीही बोटांना मुंग्या येत असतील तर सराव थांबवून डॉक्टरकडे जा.