पर्यावरणाचे पंचवीस गुण

आज आपल्यापैकी प्रत्येक जण, मग तो मराठी वाङ्मयाचा असो, इतिहासाचा असो की लोकप्रशासनाचा, पर्यावरणाचा एक पेपर देऊनच पदवीधर होतो. हा पेपर आला कोठून, याची चौकशी मात्र फारसे कोणी करीत नाही. ‘विद्यापीठाने लादलेला आणखी एक विषय’ एवढीच आपल्या लेखी त्याची किंमत. वस्तुतः त्याचा जन्म न्यायालयात झालेला आहे. एम. सी. मेहता या वकिलांच्या अर्जावर २२ नोव्हेंबर १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. कायदे कितीही केले तरी लोकांना त्यांचे महत्त्व पटल्याखेरीज ते पाळले जात नाहीत, हा त्याचा रोख होता. म्हणून चित्रपटगृहांत पर्यावरणाच्या स्लाइड्स विनामूल्य दाखवाव्यात, आकाशवाणी-दूरदर्शनवर पाच-सात मिनिटांचे कार्यक्रम व्हावेत आणि शिक्षणात हा विषय सक्तीचा व्हावा, असे न्यायालयाने सुचविले. पुढे २००४ च्या सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अनिवार्य अभ्यासक्रम दिला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. एरॅक भरुचा यांनी लिहिले. हे गृहस्थ मूळचे शल्यविशारद. स्लाइड्स विस्मरणात गेल्या, पेपर मात्र टिकला.

या अभ्यासक्रमाचा मूळ आराखडा वाचण्यासारखा आहे. एकूण तास पन्नास, प्रकरणे आठ. शंभर गुणांपैकी पंच्याहत्तर लेखी परीक्षेला आणि पंचवीस क्षेत्रकार्याला. क्षेत्रकार्य म्हणजे काय, तेही लिहून ठेवले आहे. परिसरातील नदी, वन किंवा टेकडी पाहून तिची नोंद करावी. जवळचे एखादे प्रदूषित ठिकाण पाहावे. नेहमीची झाडे, किडे आणि पक्षी ओळखावेत. एखादे तळे, एखादा ओढा, एखादा डोंगरउतार अभ्यासावा. हे वाचताना वाटते, लिहिणारा छावणीत मुक्कामाला होता की काय! लोखंडी पुलाखालून खाम नदी वाहते. पलीकडे पाणचक्की आहे, हिमायतबागेत झाडे आणि पोपट आहेत, उत्तरेला जटवाड्याचे डोंगर आहेत आणि खाम तेथूनच येते. प्रदूषित ठिकाण तर शोधावयास जाण्याचीही गरज नाही. २०२३ मध्ये आयोगाने नवी चौकट आणली, गुणांच्या जागी श्रेयांकांची भाषा आली. परंतु वर्गाबाहेर जाऊन काम करण्यावरचा भर तिच्यातही कायम आहे.

आता प्रत्यक्षात काय घडते? बहुतेक महाविद्यालयांत या पंचवीस गुणांची एक प्रकल्पवही होते. विषय ठरलेले: जागतिक तापमानवाढ, ओझोनचा थर, ॲमेझॉनचे जंगल. मजकूर उतरवून घेतलेला, चित्रे चिकटविलेली, वर प्लॅस्टिकचे चकचकीत वेष्टन. ओझोनच्या थराला छिद्र पडले हे सर्वांना ठाऊक असते. वसतिगृहाच्या टाकीला पडलेले छिद्र मात्र महिनोन्‌महिने कोणाला दिसत नाही. आणि ॲमेझॉनवर वीस पृष्ठे लिहिणाऱ्याला खाम कोठून निघते असे विचारले, तर तो विचारणाऱ्याच्याच तोंडाकडे पाहतो.

या शिक्षणाने काहीच होत नाही, असे मी म्हणत नाही. त्याने मते नक्की घडतात. आपल्या महाविद्यालयात शंभर जणांना विचारा, झाडे तोडावीत असे म्हणणारा एकही सापडणार नाही. वक्तृत्व स्पर्धेत हा विषय ठेवला की टाळ्यांनी सभागृह दणाणते. मात्र त्याच स्पर्धेचा फलक फ्लेक्सचा असतो आणि चहा कागदी पेल्यांतून दिला जातो. शेवटचा वक्ता पारितोषिक घेऊन खाली उतरतो, तेव्हा खुर्च्यांखाली त्या पेल्यांचा खच पडलेला असतो. यात ढोंग आहे असे मला वाटत नाही. मत आणि सवय या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मत ऐकून तयार होते. सवयीला रोजची करणी लागते, आणि ती करणी सोपी करून देणारी व्यवस्थाही लागते.

पाण्याचेच पाहा ना. या शहराने कित्येक वर्षे नळाला चार-चार, आठ-आठ दिवसांआड पाणी येताना पाहिले. घरोघर पिंप, टाक्या आणि हंडे भरून ठेवलेले. आणि नळ आला की पहिले काम कोणते? ‘शिळे’ पाणी मोरीत ओतून ‘ताजे’ भरणे! जे पाणी पैठणच्या नाथसागरातून उपसून, चढावर चढवून, शुद्ध करून येथवर आणले, ते आठवडाभर झाकून ठेवल्याने शिळे झाले म्हणून सांडावयाचे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावे लागले, हे सर्वांनी पाहिले होते; तरीही पिंपे रिकामी होतच राहिली. पर्यावरणाच्या पेपरात जलसंधारणावर दहा गुणांचे उत्तर लिहून घरी आलेला विद्यार्थी आईला ‘हे ओतू नकोस, झाडांना तरी घाल’ असे म्हणतो काय? म्हणत असेल, तर पेपरचे सार्थक झाले. माझ्या पाहण्यात तरी असे थोडे.

उलट गंगापूर-वैजापूरकडच्या खेड्यांतून येणाऱ्या आपल्याच मित्रांच्या घरी पाहावे. जिथे विहिरीवरून डोक्यावर पाणी आणावे लागते, तिथे भांडी घासलेले पाणी भाजीच्या वाफ्यात जाते, फाटक्या लुगड्याची गोधडी होते आणि उष्टे गुरांपुढे जाते. या माउलींनी ‘पर्यावरण’ हा शब्दही उच्चारलेला नसतो. त्यांचा मुलगा वसतिगृहात येतो आणि वर्षभरात तोटी उघडी ठेवून दात घासू लागतो. शिक्षणाने त्याला काय दिले आणि काय घेतले, याचा हिशेब प्राध्यापकांनी आणि आपण मिळून करावयास हवा. दारिद्र्यातून आलेल्या काटकसरीचा गौरव करावा असे माझे म्हणणे नाही. पाणी डोक्यावरून आणावे लागूच नये. पण त्या घरातील शहाणपण वर्गात शिरताना चपलांसारखे बाहेर काढून ठेवावे लागते, ही गोष्ट खटकते.

सवय पुस्तकाविना कशी लागते, याची दोन उदाहरणे या शहराच्या परिसरातच आहेत. एक कडू, एक गोड. कडू उदाहरण २०१८ चे. वर्षानुवर्षे शहराचा सारा कचरा नारेगावला जाऊन पडत होता. त्या फेब्रुवारीत तेथील ग्रामस्थांनी गाड्या अडविल्या. त्यांचे म्हणणे साधे होते: तुमची घाण आम्ही किती वर्षे सोसावी? शहर तुंबले. रस्तोरस्ती ढीग साचले, ते पेटू लागले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. मार्चमध्ये छावणीपलीकडच्या मिटमिट्याला कचरा नेण्याच्या प्रयत्नात दगडफेक आणि लाठीमारापर्यंत मजल गेली. ओला कचरा आणि सुका कचरा हे शब्द पाठ्यपुस्तकात चौदा वर्षे होतेच. परंतु शहराच्या तोंडी ते आले त्या उन्हाळ्यात. दाराशी दुर्गंधी आली, तेव्हा दोन बादल्या आल्या. मला यात शहराचे कौतुक वाटत नाही. नारेगावच्या मुलांनी ती दुर्गंधी जन्मापासून घेतली होती, आणि आपल्या पेपरात नारेगावचे नावही नव्हते.

गोड उदाहरण पाटोद्याचे. भास्करराव पेरे पाटील सरपंच असताना शहराजवळच्या या गावाने काय केले, ते महाराष्ट्राला माहीत आहे. वेळेवर कर भरणाऱ्याला दळण फुकट! गावकऱ्यांना भाषण देण्याऐवजी त्यांच्या रोजच्या व्यवहाराला असे वळण दिले, की चांगले वागणेच सोयीचे ठरावे. कर आला, त्यातून पाणी आणि स्वच्छता आली, आणि संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात गावाचे नाव झाले. आपल्या महाविद्यालयाने या गावाकडून एवढेच उचलावे: उपाहारगृहात स्वतःचा पेला आणणाऱ्याला चहा रुपयाने स्वस्त. बघा, एका सत्रात काय फरक पडतो ते.

काही मित्र म्हणतात, ‘आम्ही एक पेला वाचवून काय होणार? वाळूजचे कारखाने पाहा, महापालिकेची गटारे पाहा.’ हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. खाम काही विद्यार्थ्यांनी नासविली नाही. शहराचे सांडपाणी तिच्यात सोडले गेले, तेव्हा निर्णय घेणारे दुसरेच होते. विद्यार्थ्याने चहाचा पेला बदलला म्हणून त्यांची जबाबदारी कमी होत नाही, आणि पर्यावरण-शिक्षणाने ती कमी असल्याचा भास निर्माण करू नये. पण म्हणूनच तर क्षेत्रकार्य हवे! ज्याने नाल्याचे तोंड स्वतः पाहिले आहे, तारीखवार टिपून ठेवले आहे, तोच उद्या महापालिकेला नेमका प्रश्न विचारू शकेल. ॲमेझॉनवर निबंध लिहिणारा विचारून विचारणार तरी काय?

शिवाय २०२१ पासून महापालिका, छावणी परिषद आणि काही संस्था मिळून खामच्या पात्राची सफाई आणि काठांची दुरुस्ती करीत आल्या आहेत. लोखंडी पुलाजवळचा काठ ज्याने पूर्वी पाहिला असेल, त्याला आजचा फरक सांगावा लागत नाही. नदी सुधारली असे म्हणण्याची घाई मी करणार नाही. सांडपाण्याचा प्रश्न एका सफाईने मिटत नाही. तथापि एक नदी आपल्या दाराशी हळूहळू बदलते आहे आणि आपण तिच्यावर पंचवीस ओळीही लिहू नयेत, याला काय म्हणावे?

राष्ट्रीय सेवा योजनेचे उदाहरण आपल्यापुढे आहेच. सात दिवसांच्या शिबिरात ज्यांनी दगड वाहून बंधारा घातला, ते पुढे पाण्याबद्दल निराळे बोलतात, हे कोणीही प्राध्यापक सांगेल. पण योजनेत मोजकेच विद्यार्थी असतात आणि पेपर सर्वांना आहे. तेव्हा माझी सूचना अशी की, पुढील वर्षापासून आपल्याकडे क्षेत्रकार्याची उतरवलेली वही स्वीकारू नये. वर्गाचे दहा-दहा जणांचे गट करावेत. एका गटाकडे खामचा एक टप्पा, दुसऱ्याकडे पाणचक्कीची नहर, तिसऱ्याकडे छावणीच्या आठवडी बाजारानंतर उरणारा कचरा, चौथ्याकडे आपलेच वसतिगृह. मलिक अंबरच्या काळापासून या शहरात उताराच्या बळावर मातीच्या नळांतून पाणी खेळत आले. पंप नाही, वीज नाही! इतिहासाच्या विद्यार्थ्याला पर्यावरणाचा याहून चांगला धडा कोणता मिळणार? भाषेच्या विद्यार्थ्यांनी काठावरच्या वृद्धांना विचारून नदीच्या आठवणी लिहून घ्याव्यात. विज्ञानशाखा आपल्याकडे नाही, ही सबब येथे चालू नये.

प्राध्यापकांवर कामाचा भार वाढेल, हे खरे. दोनशे वह्यांवर सह्या करणे सोपे आणि दोनशे विद्यार्थ्यांना नदीवर नेणे अवघड. परंतु गट केले तर वीसच अहवाल तपासावे लागतील, आणि तेही उतरवलेले नसल्यामुळे वाचवतील. एक भेट जुलैत, पाणी असताना. दुसरी फेब्रुवारीत, त्याच जागी. अहवाल ग्रंथालयात ठेवावेत, म्हणजे पुढच्या वर्षीचा गट मागच्यांनी जेथे सोडले तेथून आरंभ करील.